परत येणारी वस्तू

हवेत कमरेइतक्या उंचीवर, कशाच्याही आधाराशिवाय, स्वतःभोवती सावकाश फिरणारी निळसर झळाळी. खाली फरशी, आजूबाजूला कुणी नाही. १९९९ साली आलेल्या ‘क्वेक थ्री अरीना’ या खेळात ही वस्तू ज्यानं पाहिली त्याच्या मनातून ती जात नाही. तिचं नाव क्वाड डॅमेज. तिच्यातून नुसतं चालत गेलं की ती तुमची होते. अंगाभोवती निळा उजेड चढतो आणि पुढचे ३० सेकंद तुमचा प्रत्येक वार जबर बसतो. (नावात चौपट असली तरी क्वेक थ्रीमध्ये ती तिप्पटच करते; पण समोरच्याला तेवढं पुरतं.) तिसाव्या सेकंदाला सगळं उतरतं आणि तुम्ही पुन्हा चारचौघांसारखे होता. मग घेतल्या क्षणापासून दोन मिनिटांनी, त्याच फरशीवर, त्याच उंचीवर, ती पुन्हा फिरायला लागते. ती आल्याचा नाद मॅपच्या कानाकोपऱ्यात सगळ्यांना ऐकू जातो. मालक कुणी नाही. जो त्या घटकेला तिथं असेल त्याची.

ज्या घरात मुलं असे खेळ खेळतात तिथं मोठ्यांचं लक्ष बंदुकांकडे जातं. साहजिक आहे, पडद्यावर तेच दिसतं. पण चार-सहा जण एकाच मॅपवर बराच वेळ खेळत राहिले की बंदुका मागे पडतात आणि घड्याळ पुढे येतं. लाल चिलखत उचलल्यापासून २५ सेकंदांनी परत येतं. मेगाहेल्थ ३५ सेकंदांनी. बंदुका तर ५ सेकंदांतच जागेवर हजर. हे हिशेब कुणापासून लपवलेले नाहीत. नवख्याला आणि तरबेजाला ते सारखेच लागू. फरक पडतो तो डोक्यातल्या मोजणीनं.

तेव्हाच्या औरंगाबादेत, कॉलेजच्या दिवसांत, आम्ही ज्या सायबर कॅफेत बसायचो तिथं एक मुलगा यायचा. हाताचा फार चपळ नव्हता. समोरासमोर सापडला तर बहुतेक वेळा मार खायचा. पण त्याचे ओठ सारखे हलत असायचे. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ चार मिनिटं बारा सेकंद दाखवत असताना त्यानं चिलखत उचललं की तो पुटपुटायचा, “चार सदतीस.” मग लढायचा, पळायचा, पडायचा, पुन्हा उभा राहायचा, शेजारच्याशी हुज्जत घालायचा, आणि चार पस्तीस झाले की जिंकत आलेली झटापट अर्धवट सोडून पाठ फिरवून निघायचा. बघणाऱ्याला वाटावं, हा घाबरला. चार सदतीसला तो बरोबर त्या जागेवर असायचा आणि चिलखत त्याच्या अंगावर. त्याची आणखी एक करामत होती. वस्तूचं घड्याळ ती उचलल्यापासून चालतं, म्हणून समोर आलेली वस्तू चार सेकंद उशिरा उचलली की पुढची वेळही चार सेकंदांनी सरकते. तो कधीकधी चिलखताला खेटून नुसता उभा राहायचा. मागे उभ्या असलेल्यांचा जीव वरखाली व्हायचा, घे की लेका, घे की. तो थांबायचा आणि मग एक पाऊल पुढे टाकायचा. तेवढ्यानं बाकीच्यांची मोजणी मोडायची आणि नवी वेळ एकट्या त्याला ठाऊक असायची. हातात येऊ शकणारी गोष्ट क्षणभर न घेण्यात केवढी ताकद असते, हे मी पहिल्यांदा त्या अंधाऱ्या, घामट खोलीत पाहिलं.

१९८०च्या पॅकमॅनमध्ये चार मोठे ठिपके असायचे. एक गिळला की भुतं निळी पडून पळत सुटायची आणि काही क्षण शिकारी कोण, सावज कोण याची अदलाबदल व्हायची. पण गिळलेला ठिपका त्या फेरीपुरता संपला. संपणारी वस्तू माणसाला जपून खर्चायला लावते. परत येणारी वस्तू वेगळंच काही मागते. ती म्हणते, मी येणार आहे, केव्हा येणार तेही तुला माहीत आहे, तोवर तू काय करणार आहेस? या प्रश्नामुळे मला ती आवडते. जोराची, नेमबाजीची, महागड्या माउसची जिथं चलती, तिथं या वस्तूनं नुसत्या लक्ष ठेवण्याला मोल दिलं.

आता पैठणला परत येऊन राहिल्यावर हाच खेळ वेगळ्या रूपात रोज दिसतो. उन्हं कलली की नाथसागराकडून वारा सुटतो. गोदावरीच्या घाटावर, चहाच्या टपऱ्यांमागे, ज्ञानेश्वर उद्यानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोरं चौघा-चौघांच्या टोळीनं बसलेली असतात, माना खाली, फोन आडवे. जिथं ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद बोलवल्याची कथा सांगतात त्या नागघाटाच्या वाटेवरही “ड्रॉप पडला रे!” अशी आरोळी कानावर येते. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा ही पोरं प्राथमिक शाळेत असतील. पुढे २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय नावानं आला, २८ जुलै २०२२ रोजी तोही ॲपच्या दुकानातून उतरला, २०२३मध्ये परतला. मधल्या काळात १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्री फायर हा खेळही बंदीत गेला. खेळ स्वतःच येत-जात राहिला. पोरं मात्र जागेवरच होती.

माझा भाचा बीजीएमआय खेळतो. त्याच्या खांद्यावरून मी अनेकदा बघतो. त्यात ठरलेल्या जागी फिरणारी निळी वस्तू नाही. तिथं आकाशातून विमान जातं, त्याची घरघर आधी ऐकू येते, मग छत्रीला बांधलेली पेटी डुलत डुलत उतरते आणि जमिनीला टेकली की लाल धूर सोडते. पेटीत जमिनीवर सहसा न सापडणारा ऐवज असतो: एडब्ल्यूएम बंदूक, तिसऱ्या पातळीचं हेल्मेट, कधी गवताचा झगा. धूर कोसावरून दिसतो, म्हणजे पेटी जितकी तुम्हाला बोलावते तितकीच तुमच्या वैऱ्यालाही. भाच्यानं एकदा पेटीपासून बऱ्याच अंतरावर, उतारावरच्या झाडाआड आडवं होऊन मला दाखवलं. पेटीकडे तो बघतही नव्हता. पेटीकडे येणाऱ्या वाटांकडे बघत होता. एक गाडी आली, दोघं उतरले. पहिला पेटीवर वाकला. भाच्याचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. त्यानं गोळी झाडली नाही. दुसरा कुठं उभा राहतो ते बघू दे, म्हणाला. कॅफेतला तो मुलगा मला आठवला. वस्तूशेजारी थांबणं आणि वस्तूपासून लांब थांबणं, दोन्ही एकाच जातीचं शहाणपण.

पण या सगळ्यात एक गोम आहे, आणि खेळ बनवणाऱ्यांना ती पहिल्यापासून छळत आली आहे. परत येणारी वस्तू मिळावी कुणाला? घड्याळ सगळ्यांना सारखं असलं तरी ज्याच्या अंगावर आधीच चिलखत आहे तो पुढच्या चिलखतापाशी निर्धास्त पोचतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो वाटेतच पडतो. मग वस्तू दर वेळी त्याच एकाकडे जायला लागते, त्याचा जोर वाढतो, आणि दहा मिनिटांत बाकीचे खेळत नसतात, नुसते मरत असतात. १९९२च्या सुपर मारिओ कार्टमध्ये यावर एक तोड काढलेली होती. शर्यतीत वाटेवर चौकोन असतात, त्यावरून गाडी गेली की काहीतरी हाती लागतं. पण काय लागेल ते तुम्ही कितव्या क्रमांकावर आहात यावर ठरतं. पुढं असलेल्याला किरकोळ, शेवटच्याला जबरदस्त. कसलेल्या खेळाडूंना याचा राग येतो. मेहनत आम्ही करायची आणि दान मागच्याला पडायचं, हा कुठला न्याय? मला मात्र तो न्याय ओळखीचा वाटला, कारण आमच्या तालुक्यात तो पाण्याच्या वाटपात लिहिलेला आहे.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६मध्ये धरण पुरं झालं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, उपयुक्त साठा साधारण ७६ टीएमसी. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर. त्या कालव्यांतून वितरिका निघतात, वितरिकांतून चाऱ्या, आणि चारीच्या शेवटाला जी शेतं असतात त्यांना सगळे टेल म्हणतात. आमचं शेत टेलला. पाणी कायम वाहत नसतं. हंगामात त्याची आवर्तनं ठरतात, सात नंबरचा अर्ज भरून मागणी करायची असते, आणि शेजपाळीनं कुणाला केव्हा किती तास ते लागतं. शेजपाळीचा जुना नियम असा की पाणी आधी शेपटाला द्यायचं आणि मग डोक्याकडे सरकत यायचं. कारण उघड आहे. डोक्याकडचा माणूस पाण्याला जवळ आहे, त्याच्या हातून सुटून ते शेपटापर्यंत पोचेल अशी आशा धरणं व्यर्थ. म्हणून नियमानं ते आधी त्याच्या बांधावरून, त्याच्या डोळ्यांदेखत, पुढे जाऊ द्यायचं. मारिओ कार्ट बनवणाऱ्यांना कालव्याची खबर नसणार आणि शेजपाळी आखणाऱ्यांनी पडद्यावरची शर्यत पाहिली नव्हती. तरी दोघं एकाच जागी पोचले.

पाळीची रात्र मी लहानपणापासून पाहत आलो. वडील फावडं आणि बॅटरी घेऊन संध्याकाळीच चारीवर जाऊन बसायचे, मीही मागे लागायचो. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात आणि त्या वेळचं पाणी चुकलं तर पुढे कितीही दिलं तरी भरून येत नाही. म्हणजे तिथंही दोन घड्याळं चालू असायची, एक कालव्याचं आणि एक जमिनीखाली रोपाचं, आणि ती दोन्ही जुळली तर पीक. वरच्या बाजूला कुणीतरी चारी फोडली की पाणी यायला उशीर व्हायचा. उशीर झाला की आपल्या पाळीचे तास कोरड्या चारीतच सरायचे. मग वडील उठून वरपर्यंत चालत जायचे. कुणाशी भांडायचे नाहीत. फोडलेल्या जागी चिखल लावायचे, वर पाय देऊन घट्ट करायचे आणि परत यायचे. पहाटेच्या सुमाराला आधी वास यायचा, तापलेल्या मातीला पहिलं पाणी लागल्याचा. मग बॅटरीच्या उजेडात पाण्याचं तोंड दिसायचं. ते स्वच्छ नसतं. वाळकी पानं, फेस, किडे-मुंगळे, कुणाची तरी प्लॅस्टिकची चप्पल, असं सगळं पुढे ढकलत ते सापासारखं हुंगत हुंगत येतं, खड्डा आला की थांबतं, भरतं, मग पुढे सरकतं. वडील वाकून दारं धरायचे. त्या घटकेला त्यांच्या अंगात जे यायचं ते मी दिवसा कधी पाहिलेलं नाही. थकलेला माणूस एकाएकी दहा माणसांचं काम करायचा, सरीमागून सरी, न बोलता. तास संपले की पाणी पुढच्याचं. मग तेही इतरांसारखेच, चिखलानं भरलेले, विडी शोधणारे.

हे पाणी ज्या साठ्यातून येतं त्याचीही एक पाळी आहे, आणि ती आणखी वर ठरते. जायकवाडी स्वतःच गोदावरीच्या टेलला. वर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली धरणं, त्यांच्यावर जगणारी शेतं, शहरं, द्राक्षबागा, ऊस. २००५च्या कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप सांगितलं. २०१४मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणानं आदेश दिला आणि १५ ऑक्टोबर ही तारीख आमच्या बोलण्यात आली. त्या दिवशीच्या हिशेबात जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर वरून पाणी सोडायचं. २०२३मध्ये असं ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. दसऱ्याच्या आसपास पैठणमध्ये पीकपाण्याइतकीच टक्क्यांची चर्चा होते. टपरीवरची माणसं धरणाचा आकडा असा सांगतात जसा तो कॅफेतला मुलगा चिलखताची वेळ सांगायचा. वरच्या माणसाला यात अन्याय दिसतो हे मला कळतं. त्याच्याही बागेचं घड्याळ थांबत नाही. तरीही मी खालच्या बाजूनं उभा आहे आणि तसंच म्हणेन. नदी जिथं आधी पोचते तिथल्यांचीच असा नियम केला, तर नदी म्हणून काही उरत नाही.

खेळात हल्ली आणखी एक फिरती वस्तू आली आहे आणि तिच्याबद्दल माझं मन साफ विरुद्ध आहे. ती मॅपवर नसते, दुकानात असते. आज ही, उद्या ती. घड्याळ उलटं पळतं, इतके तास उरले, आत्ता घ्या. फ्री फायरमध्ये डीजे आलोक नावाचं पात्र होतं. त्याच्याभोवती पाच मीटरचं वर्तुळ तयार व्हायचं आणि त्यात उभं राहणाऱ्याचं आरोग्य भरून यायचं, पळण्याचा वेगही वाढायचा. ५९९ डायमंडला मिळायचा. ते डायमंड रुपये देऊन घ्यायचे. किती घरांत या आलोकसाठी हट्ट झाला असेल! भाच्याच्या वर्गात ज्याच्याकडे आलोक तो पुढारी. त्याच खेळातल्या कितीतरी बंदुकांच्या नुसत्या रंगरूपावरही मारा वाढायचा. बीजीएमआयमध्ये बहुतेक विकतच्या वस्तू नुसत्या दिसण्यापुरत्या, कपडे आणि बंदुकीचे रंग, तेवढं बरं. पण नशिबाचं चाक फिरवून ते मिळवायचं असतं आणि चाक कुणाच्या बाजूनं फिरतं हे सांगायला नको. मॅपवरच्या वस्तूचं घड्याळ मुलाला मोजायला लावतं, दुकानातल्या वस्तूचं घड्याळ त्याला घाई करतं. पहिल्यात थांबणारा जिंकतो. दुसऱ्यात थांबणाऱ्याला हरल्यासारखं वाटावं अशी तजवीज असते. भाच्याला मी हा फरक सांगितला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण मामा, दुकानातलं कुणी हिसकावून घेत नाही ना.” त्याच्या बाजूनं ते खरं आहे, आणि त्याला मी उत्तर अजून शोधतो आहे.

पैठणमध्ये अशी एक जागा आहे जिथं वस्तू दर वर्षी परत येते आणि मोजता येत नाही. नाथांच्या वाड्यात रांजण आहे. श्रीकृष्णानं श्रीखंड्या होऊन एकनाथांच्या घरी बारा वर्षं पाणी भरलं, तो हा रांजण, अशी श्रद्धा. फाल्गुनात तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि भाविक गोदावरीचं पाणी आणून त्यात ओतायला लागतात. नाथषष्ठी जवळ आलेली असते, दिंड्या वाटेवर असतात. घागरीमागून घागर पडते. कोवळी पोरं, म्हाताऱ्या, वाळवंटातून ओल्या पायांनी आलेली माणसं. आणि मग कुणाच्या तरी हातून पाणी पडतं आणि रांजण भरून वाहू लागतो. त्या माणसाच्या रूपानं श्रीखंड्या आला असं मानतात, त्याचा मान होतो. मी तिथं गर्दीत उभा राहून पाहिलं आहे. आधीच्या शेकडो घागरींशिवाय ती शेवटची घागर काहीच नव्हती, हे तिथं कुणाला समजावावं लागत नाही. मान एकाचा होतो आणि आनंद सगळ्यांच्या तोंडावर असतो, कारण प्रत्येकाचं पाणी आत आहे.

गेल्या षष्ठीला तिथून घरी येताना मी भाच्याला म्हटलं, अशी वस्तू तुमच्या खेळात का नसावी? मॅपच्या मधोमध रांजण. ज्यानं त्यानं नदीवरून पाणी आणून ओतायचं. भरला की ज्याच्या घागरीनं भरला त्याच्या अंगात बळ यावं.

तो लगेच म्हणाला, “सगळे कॅम्प करतील. शेवटच्या घागरीची वाट बघत झुडपात बसतील.”

“मग किती भरला ते दिसूच द्यायचं नाही.”

त्यावर तो विचारात पडला. थोड्या वेळानं म्हणाला, “आणि ज्यानं आधी एकही घागर ओतली नाही त्याची शेवटची धरायची नाही.”

“कबूल.”

“आणि भरला की ज्यांनी ज्यांनी ओतलं त्या सगळ्यांची हेल्थ थोडी वाढली पाहिजे. नाहीतर कोण वाहील पाणी?”

“कबूल.”

“आणि जो लांबून आणेल त्याची घागर मोठी धरायची.”

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, लांब म्हणजे कुठून मोजायचं, नदीपासून की जिथं तो उतरला तिथपासून? तो म्हणाला, उतरला तिथपासून. मी म्हटलं, मग सगळे मुद्दाम लांब उतरतील. त्यावर आमचं अजून ठरलेलं नाही. तो वहीच्या मागच्या पानावर मॅप काढतो आहे. त्यात नदी वरून खाली येते आणि रांजण त्यानं सगळ्यात खाली ठेवला आहे.